एकोणचाळीस ताप

राहात्याच्या शाळेत मी जन्मभर गणित शिकवलं. सेल्सिअसचं फॅरनहाइट तोंडी करायची माझी रीत ठरलेली होती. आकड्याची दुप्पट करा, तिच्यातून तिचाच दहावा भाग काढा, वर बत्तीस मिळवा. हे जमल्याशिवाय मी पोरांना खाली बसू देत नसे. माझ्या मुलीलाही नाही.

आपल्याकडे ऊन मोजायचं सेल्सिअसमध्ये आणि ताप फॅरनहाइटमध्ये. बाहेर बेचाळीस आणि अंगात एकशे दोन, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही कधी वाटलं नव्हतं.

मुलगी जर्मनीत नोकरी करते, एकटीच राहते. गेल्या उन्हाळ्यात भरदुपारी तिचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"आप्पा, ताप आलाय. एकोणचाळीस."

मी हसलो. "एकोणचाळीस? अगं, शंभर तरी होऊ दे. इथं सावलीत बेचाळीस हाय, आमी काय अंथरूण धरलंय का?"

तीही थोडी हसली. मग मी तिला पेरूच्या बागेला पाणी कसं पुरत नाही ते सविस्तर सांगितलं. ती हं हं करत राहिली आणि "बरं, ठेवते" म्हणाली.

चहा देताना बायकोनं विचारलं, "किती ताप हाय म्हनली?"

"एकोणचाळीस."

"आसा कुठं ताप आसतोय व्हय? तिकडचं माप न्यारं आसंल."

मी बशी खाली ठेवली. एकोणचाळीस दुणे अठ्ठ्याहत्तर. सात पूर्णांक आठ गेले. बत्तीस मिळवले. एकशे दोनच्या वर. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

लगेच फोन लावला, तिनं उचलला नाही. पुन्हा पुन्हा लावला. संध्याकाळी तिचा मेसेज आला. झोपले होते, बरी आहे, काळजी करू नका.

त्याला वर्ष झालं. दर रविवारी ती फोन करते, न चुकता. हिवाळ्यात एकदा चांगली खोकत होती. मी विचारलं, "ताप हाय का गं? किती हाय?"

"काही नाही आप्पा, बरी आहे मी. पेरूचं काय म्हणताय?"

मी हिशोब मनात मांडून बसलो होतो. छत्तीसपासून चाळीसपर्यंतचे सगळे आकडे करून ठेवलेत. ती मला एकही सांगत नाही.