काचेचं जहाज

फुंकणीमामाला रागवायला कारण लागत नसे. त्यातून त्या दिवसांत सरकारनेच त्याला रोज एक ताजं कारण पुरवायला घेतलं होतं.

मामा काचकारखान्यातला भट्टीवाला. लांब लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेली काच घ्यायची आणि फुंकून बरण्या, दिव्यांच्या चिमण्या काढायच्या, हे त्याचं काम. त्या नळीवरूनच हे नाव पडलं. गाल असे सुटले होते की हसला तरी तो चिडल्यासारखा दिसे. त्याचा सगळा जीव भट्टीवर. पेटल्यापासून ती कधी विझली नव्हती. विझवायचीच झाली, तर आधी खालचं भोक उघडून सगळी काच वाहून जाऊ द्यायची, हा या धंद्यातला पहिला धडा. काच आत थिजली तर आकसताना विटा फाडते, आणि मग भट्टी फक्त पाडायच्या लायकीची उरते.

ही भट्टी जळायची ती इथल्याच जमिनीतून निघणाऱ्या गॅसवर. आता सरकारला साक्षात्कार झाला होता की, तो गॅस इथे जाळणं म्हणजे वाया घालवणं. तो गार करकरून त्याचा द्रव करायचा, जहाजात भरायचा आणि परदेशी विकायचा. त्यासाठी एका कंपनीला किनाऱ्यावरची जमीन फुकट, कर माफ, बंदरही सरकारी खर्चाने खोल करून दिलेलं. काचकारखान्याच्या वाट्याला काय, तर एक नोटीस: कंपनीच्या प्रकल्पाच्या उद्घाटनाच्या सुमारास गॅसचा दाब कमी राहील, सहकार्य करावं.

"गार करणाऱ्यांना मदत आणि तापवणाऱ्यांनी सहकार्य!" मामा कँटीनमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आमच्याच पोटावर पाय द्यायचा आणि वर टाळ्याही आम्हीच वाजवायच्या."

घरी त्याहून मोठी डोकेदुखी होती, ती म्हणजे जावई. तो त्याच कंपनीच्या कचेरीत होता. गळ्यातलं ओळखपत्र जेवतानाही काढत नसे; भाताबरोबर तेही एक दिवस पोटात जाईल, अशी मामाला आशा होती. पण लेकीचा संसार त्याच नोकरीवर चालायचा, म्हणून मामा दात-ओठ खात गप्प बसे.

"मामा, एक काम होतं," जावई जेवता जेवता म्हणाला. "उद्घाटनाला येणाऱ्या मंत्र्यांना भेट द्यायला काचेचं जहाज हवंय. गॅसवालं. वर गोल घुमट असतात ना, तसलं."

"बाजारातून आणा."

"साहेबांना इथल्या माणसाच्या हातचं हवंय. तुम्ही एवढं करा, तुमच्या भट्टीचा गॅस मी तुटू देणार नाही. शब्द देतो."

"तुमच्या शब्दाला तिथे कुत्रं तरी विचारतं का?"

"बाबा!" लेक आतून ओरडली. "एकदा तरी सरळ बोला. त्यांनी साहेबांना सांगूनसुद्धा टाकलंय."

मामाने पुढचा घास न चावताच गिळला आणि हो म्हटलं.

जहाज करायच्या दिवशी गॅसच्या दाबाचा काटा खाली सरकायला लागला होता. भट्टीवरचा जोडीदार म्हणाला, "मामा, भोक उघडू या. काच आत्ताच जड व्हायला लागलीये. रिकामी केली तर भट्टी तरी वाचेल."

"रिकामी केली तर जहाज कशाचं करू?"

"खड्ड्यात गेलं जहाज!"

"गॅस तुटणार नाही. जावयाने शब्द दिलाय," मामा म्हणाला, आणि स्वतःच्याच तोंडून हे ऐकून त्याला कसंतरी झालं.

काच नळीवर धड चढत नव्हती. शिव्या घालत, गाल दुखेपर्यंत फुंकत त्याने एकेक घुमट काढला. जहाज सुंदर झालं. ते आपल्यालाही आवडलं, याचाच त्याला जास्त संताप आला. सावकाश निववायला ते विजेच्या पेटीत ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जावई घेऊन गेला.

दुपारी काटा शून्यावर आला. कंपनीची यंत्रं चालवून बघायला सगळा गॅस तिकडे वळवला होता. जोडीदार पहार घेऊन धावला, पण भोकाशी पहार खणकन आपटून मागे आली. काच तिथे आधीच दगड झाली होती. मामाने जावयाला फोन लावला, पुन्हा पुन्हा लावला. त्याने उचलला नाही.

पुढच्या सकाळी आतून विटा तडकायला लागल्या. एकेक आवाज आला की मामा डोळे मिटून घेई. पहिली शिवी त्याने सरकारला दिली, मग कंपनीला, मग जावयाला. शेवटची आणि सगळ्यांत घाण शिवी स्वतःला दिली.

तेवढ्यात जावई धापा टाकत दारात उभा राहिला. "मामा, घोटाळा झाला! गाडीतून उतरवताना जहाज पडलं. उद्या मंत्री येतायत. आज दुसरं करून द्या, पाया पडतो."

जोडीदाराने भट्टीकडे बोट दाखवलं. "विझली ती. काल तुमच्याच लोकांनी गॅस काढून घेतला."

जावयाने घाईघाईने बाहेरच्या भिंतीला हात लावला. त्याचा चेहरा उजळला. "अजून गरम आहे की, मामा!"

"मेलेलं माणूसही थोडा वेळ गरमच असतं," मामा म्हणाला. "निघा आता."