काम आवडतंय की काका आवडतायत

मैंदर्गीच्या स्टँडवर अक्कलकोटची एसटी लागली तेव्हा आप्पांनी आधी माझी बॅग खिडकीतून आत टाकली आणि मग मला दारातून चढायला सांगितलं. जागा धरायची ही त्यांची रीत. अव्वाने, म्हणजे आईने, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली होती. गाडी हलली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "होगि बा." जाऊन ये. आमच्या घरी कुणी कुणाला नुसतं 'जा' म्हणत नाही, मराठीतही नाही आणि कन्नडातही नाही. आप्पा गाडीबरोबर चार पावलं चालले. त्या दिवशी नऊ वाजून गेले तरी त्यांनी धान्याचं दुकान उघडलं नव्हतं. खिडकीशी येऊन ते म्हणाले, "आता काळजी न्हाई नंदा. तुजं झालं आता."

मी बावीस वर्षांची होते. सोलापुरात इंजिनिअरिंग झालं होतं, पुण्यात एका कंपनीत नोकरी लागली होती. अक्कलकोट येईपर्यंत मी त्या एका वाक्याचा विचार करत होते. माझं झालं, म्हणजे नेमकं काय झालं?

इंजिनिअरिंगला मी गेले ते कुणी ढकललं म्हणून नव्हे. दहावीला गणितात चांगले मार्क पडले, सर म्हणाले कॉम्प्युटर घे, आप्पांनी दुकानात येणाऱ्या दोन-तीन शिकलेल्या माणसांना विचारलं, सगळे म्हणाले, लई मागणी हाय. मला विचारलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं. मला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलात, त्यातल्या बऱ्याच जणांचं असंच झालं असेल.

माझं काम टेस्टिंगचं. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधायच्या. ते मला जमायचं. साहेब खूश होते, तीन वर्षांत एक बढती मिळाली. मी दुःखी नव्हते, हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टी सांगताना माणसं आधीची नोकरी फार वाईट होती असं रंगवतात. माझी तशी नव्हती. म्हणून तर कळायला वेळ लागला.

कोथरूडला मी आणि अश्विनी एका फ्लॅटमध्ये राहायचो. ती अकलूजची, एका डेअरीच्या ऑफिसात कामाला. एका रविवारी कपडे वाळत घालता घालता ती म्हणाली, "नंदे, एक इचारू? तीन वर्सं झाली, तू कामाचं कदी बोलतच न्हाईस."

"काय बोलायचं? काम ते काम."

"आगं, मी बग, दुधाचं फॅट लागलं न्हाई तरी घरी येऊन बोंबलते. तू येतीस आन सांगतीस, आमच्या मिटिंगीत तो नागपूरचा 'करून राहिला' असं म्हनला, ती केरळची 'झ' कशी म्हनती. मानसं काय बोलली ते न्हाई, कशी बोलली ते."

मी हसले. पण ती आत गेल्यावर हातातला टॉवेल तसाच राहिला. खरंच होतं. मिटिंगमध्ये मी पडद्याकडे कमी आणि माणसांच्या तोंडाकडे जास्त बघायचे. लहानपणी दुकानातही तेच. गिऱ्हाईक कन्नड बोलणारं आहे की मराठी, हे ते पायरी चढताना ओळखायचा मी खेळ करायचे. मला वाटायचं, हे सगळेच करत असतील. आपण न ठरवता जे करत असतो ते आपल्याला दिसतच नाही, दुसऱ्याने दाखवावं लागतं.

त्याच वर्षी आमच्या खालच्या मजल्यावरच्या हिरेमठकाकांना पक्षाघात झाला. काका मूळचे विजापूरकडचे, पण दहाव्या वर्षी मामाकडे पुण्यात आले ते इथलेच झाले. बायको सुमनकाकू सदाशिव पेठेतल्या. घरात कन्नड कधी नव्हतंच. दवाखान्यातून काका घरी आले तेव्हा उजवा हात गेला होता आणि बोलणंही. तोंडातून आवाज यायचे, पण त्यांचं काही कळायचं नाही.

मी उपमा घेऊन भेटायला गेले. काकू दमलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, "सारखं नीरू, नीरू करतात. आमच्यात नीरू नावाचं कुणीच नाही गं. नणंदेलाही विचारलं."

तेवढ्यात काका पुन्हा म्हणाले. जड जिभेने, अडखळत, पण मला स्वच्छ ऐकू आलं.

"काकू, ते पाणी मागतायत," मी म्हणाले. "कन्नडात नीरू म्हणजे पाणी."

काकूंनी धावत जाऊन भांडं भरून आणलं. काका पाणी प्यायले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पाच दिवस ते मागत होते. काकू पाणी देत नव्हत्या असं नाही, वेळेवर देत होत्या. पण त्यांनी मागितलं आणि मिळालं, असं पाच दिवसांत झालं नव्हतं. मी काकांच्या शेजारी बसले आणि कन्नडात विचारलं, ऊट आयतेनु? जेवण झालं का? त्यांनी मान हलवली, आणि पन्नास वर्षांत न बोललेल्या भाषेतले दोन शब्द कसेबसे बाहेर काढले.

घरी येऊन मी सकाळपर्यंत एकाच प्रश्नात होते. पन्नास वर्षांची मराठी गेली कुठे? आणि जी भाषा विसरलीच होती, ती कुठे बसून होती?

काकांना शिकवायला मीनलमॅडम यायच्या. स्पीच थेरपिस्ट. हे असं काही काम असतं हेच मला तोवर माहीत नव्हतं. त्यांना कन्नड येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला शेजारी बसायला सांगितलं. ऑफिसला जायच्या आधी अर्धा तास, आठवड्यातून चार दिवस. त्या चित्र दाखवायच्या, मी कन्नड शब्द सांगायचे, काका म्हणायचा प्रयत्न करायचे. मी मॅडमना इतके प्रश्न विचारायचे की एक दिवस त्यांनी वही मिटली.

"तुम्ही काय करता?"

"सॉफ्टवेअर टेस्टिंग."

"मग हे एवढं कशाला हवंय?"

मी म्हणाले, "मॅडम, मला हेच शिकावंसं वाटतंय."

माझी अपेक्षा होती की त्या खूश होतील. त्या म्हणाल्या, "नोकरी सोडू नका. तुम्हाला हे काम आवडतंय की काका आवडतायत, ते आधी बघा. शनिवारी क्लिनिकमध्ये या आणि नुसत्या बसा. कंटाळा येतो का बघा."

मी आठ महिने प्रत्येक शनिवारी गेले. कंटाळा यावा असंच काम आहे ते. एकच शब्द चाळीस वेळा. मागच्या आठवड्यात आलेला शब्द या आठवड्यात गायब. काही माणसं सुधारतच नाहीत आणि त्यांच्या घरचे हळूहळू यायचे थांबतात. बोलायला उशीर होणारी लहान मुलंही यायची, आणि तिथे मला माझ्याबद्दल न आवडणारी गोष्ट कळली: लहान मुलांशी माझा धीर लवकर संपतो. मी हसरा चेहरा ठेवायचे, पण डोळे घड्याळाकडे जायचे. मोठ्या माणसांपाशी मात्र वेळ कसा गेला ते कळायचं नाही. एक निवृत्त कंडक्टर होते, त्यांच्या तोंडून 'तिकीट' हा शब्द काढायला आम्हाला सहा शनिवार लागले. सातव्या शनिवारी तो पुन्हा गेला. मी घरी आले आणि आपण पुढे काय करून बघावं ते अश्विनीला सांगत बसले. ती म्हणाली, "आता बोलतीस बग कामाचं."

इकडे सुमनकाकूंनी देवनागरीत कन्नड शब्दांची वही केली होती. पासष्टाव्या वर्षी त्या नवऱ्याची भाषा शिकायला लागल्या. काकांचं मराठी पुढे थोडं थोडं परत आलं. पूर्ण नाही. पण मी पुणं सोडलं तोवर ते 'सुमन, चहा' एवढं नीट म्हणायचे, आणि काकू त्यांना कन्नडात उत्तर द्यायच्या.

मग मैंदर्गीला जाऊन आप्पांना सांगायचं उरलं. दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

"आप्पा, नोकरी सोडून परत शिकायचं म्हनतीय."

"आता कशाला? इंजिनेर झालीस की."

"आजारात बोलनं जातंय बगा, तसल्या मानसांना परत बोलाया शिकवायचं. त्याचं शिक्षन हाय."

"म्हंजी डॉक्टर?"

"न्हाई. डॉक्टर न्हाई."

"किती वर्सं?"

"चार."

"बारावी झालेल्या पोरीसंगं पैल्या वर्गात बसनार तू?"

"व्हय."

दोन दिवस आप्पा माझ्याशी लागेल तेवढंच बोलले. अव्वाची काळजी वेगळी होती. सोलापुरातलं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मी स्वतःच त्यांना फोन केला. माणसं चांगली होती. चार वर्षं थांबणं जमणार नाही असं त्यांनी सरळ सांगितलं, आणि ते थांबले नाहीत. फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. एका आठवड्यात हातातलं सगळं सोडायचं, तेही आठ महिन्यांच्या शनिवारांच्या भरवशावर.

तिसऱ्या दिवशी आप्पा अंगणात येऊन बसले. रागावलेले नव्हते. शेतकऱ्याला नव्या बियाण्याबद्दल विचारतात तसं त्यांनी विचारलं, "मला येक सांग. हे आवडतंय, हे तुला कळलं कसं?"

मी शनिवारचं सगळं सांगितलं. कंडक्टरचा शब्द, लहान मुलांपाशी संपणारा धीर, सगळं. शेवटी आप्पा म्हणाले, "मला कुनी इचारलं न्हाई. आन खरं सांगू, मी बी मला इचारलं न्हाई. दुकान व्हतं, बसलो." मग उठता उठता, "शिकून ये. लोकांचं मी बगतो."

लोकांचं बघितलं अव्वाने. वर्षभर ती पाहुण्यांना सांगायची, कंपनीने नंदाला ट्रेनिंगला पाठवलंय. मला तेव्हा फार राग यायचा. आता वाटतं, तिला बाजारात सांगता येईल असं काहीतरी हवं होतं, आणि माझ्या कामाला तिच्याकडे अजून शब्द नव्हता.

बंगळूरुच्या कॉलेजात वर्गातल्या मुली अठरा वर्षांच्या, मी सव्वीस. पहिल्या दिवसापासून मी सगळ्यांची अक्का. माझं कन्नड ऐकून त्या हसायच्या. त्यांना ते मराठी चालीचं वाटायचं. पुण्यात माझं मराठी कानडी हेलाचं होतं, इथे कन्नड मराठी हेलाचं. मला गंमत वाटायची. कान आणि मेंदूची शरीररचना घोकताना दोनदा नापास होता होता वाचले. मुलांच्या वॉर्डात ड्यूटी असायची, ती केली, हळूहळू थोडी सुधारलेही. पण पुढे काय करायचं नाही, हे मला तोवर माहीत होतं आणि त्याने पुष्कळ वेळ वाचला.

आता मी सोलापुरात एका दवाखान्यात काम करते. सकाळी अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा शेतकरी, त्याच्यानंतर तेलुगू बोलणाऱ्या विणकर आजी, मग दखनी बोलणारे चाचा. तेलुगू मी अजून शिकतेय, आजी मला सुधारतात आणि सुधारता सुधारता स्वतः बोलतात. लोक विचारतात, "परत आलीस व्हय?" सोलापुरात पूर्वी मी शिकत होते, पण हे शहर मी कधी ऐकलंच नव्हतं.

लग्नाचं अजून ठरलेलं नाही. अव्वा विचारते, मी सांगते, बघू. हेही खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही.

रविवारी मैंदर्गीला जाते. पूर्वी घरी जायचं म्हणजे प्रश्नांची उत्तरं द्यायला जायचं. जेवतेस का, बढती कधी, सुट्टी किती. आता मीही प्रश्न घेऊन जाते, आणि मला वाटतं माझ्यासाठी घर म्हणजे हल्ली तेच. गेल्या थंडीत आप्पांनी सकाळचं दुकान माझ्या चुलतभावाकडे दिलं. दुकानात येणाऱ्या शेतकऱ्यांकडून त्यांनी जुन्या ज्वारीची मूठ-मूठ बी मागून घेतली होती, आणि रानाच्या एका कडेला अकरा ओळी पेरल्या होत्या. प्रत्येक ओळीला काठी, काठीला पत्र्याची पट्टी, पट्टीवर ज्या गावचं बी त्या गावाचं नाव.

मला ते ओळीओळीने हिंडवत होते. कुठल्या ज्वारीचं कणीस गच्च, कुठलीचं मोकळं, कुठलीवर पाखरं आधी बसतात. आप्पा एका दमात इतकं बोलतात हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं. अव्वा बांधावरून जेवायला हाक मारत होती, आणि ते "आलो, आलो" म्हणत पुढच्या ओळीत शिरत होते.

शेवटच्या ओळीची ताटं इतरांपेक्षा हातभर उंच होती. मी विचारलं, "आप्पा, येकाच मातीत हीच का एवडी वाडली?"

त्यांनी एक ताट वाकवून कणीस जवळ घेतलं, बराच वेळ बघितलं, आणि खुशीत म्हणाले, "ते अजून कळलं न्हाई बग मला."