एका दोरातला तान्हा पोळा

मी वर्ध्याला पुरणपोळीसाठी गेले, उगाच मोठेपणा नको. मैत्रीण सुनंदा आंजीच्या पुढच्या एका गावात शिक्षिका आहे. तिचा फोन आला, "तान्ह्या पोळ्याले येजो वो, पोट्ट्याईचं काहीतरी शिजून राह्यलं." शिजतंय म्हटल्यावर मी पुण्याहून निघालेच.

वर्ध्यात तर्री-पोहे जरूर खा, पण पांढरा कुर्ता घालून नको. सकाळच्या आर्वी एसटीत डावीकडे बसा. मी उजवीकडे बसून भाजले, म्हणून सांगते. आंजीहून पुढे ऑटो. घासाघीस करू नका, खड्डे त्याच भाड्यात मिळतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथली मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून तोरणाखालून नेतात. शाळेच्या पटांगणात ओळी मात्र दोन होत्या. गावातली मुलं पुढे, गोंडवस्तीतली मागे, भिंतीपाशी.

"वर्गातबी असंच बसवायले लावते शाळा समितीवाले," सुनंदा पुटपुटली. माझा असा संताप झाला की हातातली पुरणपोळी मी परत डब्यात ठेवली.

"बैल पुढं घ्या!" समितीचे अध्यक्ष गुलाबराव गरजले. एक बैल हलला, तर सगळेच हलले. पुढचे, मागचे, सगळे एकाच दोराला बांधलेले!

"कोणं बांधले हे?"

"आमी सगळ्याईनं," वस्तीवरची सातवीतली मंदा म्हणाली. "संगंच जाऊ, नाईतर नाई जात. वर्गातबी संगंच बसू."

"पिंट्या, सोड आपला बैल!" गुलाबराव नातवावर ओरडले.

"गाठ सुटून नाई राह्यली, आबा."

आबांनी स्वतःच दोर ओढला. पटांगण उताराचं. अख्खा कळप गडगडत त्यांच्या अंगावर आला. आबा पळत सुटले ते थेट तोरणाखालून. मागे बैल, बैलांमागे सगळी मुलं, एकाच ओळीत. गॉगल घातला म्हणून मला परीक्षक केलं होतं. पहिला नंबर मी आबांना दिला.

कुणालाच हसू आवरेना, तेव्हा आबा म्हणाले, "पिंट्याची शाळा बंद!" पिंट्या रडत घरी गेला. बैल दोरातच राहिला.

पुण्यात कुर्त्यावरची तर्री घासताना पिंट्याच डोळ्यासमोर येत होता. शेवटी सुनंदाला फोन लावला.

"वर्गात सगळे एकाच रांगेत बसून राह्यले," ती म्हणाली. "पिंट्याच्या जागेवर मंदानं त्याचा बैल दोरासकट ठेवला. तिकडं पिंट्या बैलासाठी जेवेना, तं आबा बैल न्यायले आले. गाठ काही सुटेना. शेवटी पिंट्यालेच बैलापाशी बसवून गेले. म्हणते, गाठ सुटेपर्यंतच बसन तो इथं."

"मग, सुटली?"

"सुटते कायची! रोज सकाळी सगळे मिळून अजून एक मारून राह्यले."