चाचा गप्प झाले की

समोरच्या संघाने गोल केला, की भोंगेचाचा गप्प होत. या एका सवयीमुळे आमच्या बल्लारपुरात त्यांना न ओळखणारे घर सापडले नसते. मैदानाच्या कडेला बांबूंवर बांधलेल्या भोंग्यांतून त्यांचा खरखरीत, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यात मुरलेला आवाज क्वार्टरांच्या मागच्या अंगणांपर्यंत येई, आणि ऐन भरात असताना एकाएकी थांबे. मग दूर कोळशाच्या गाडीची घरघर ऐकू येई, कुणाच्या तरी पाट्यावरचा वरवंटा ऐकू येई, वाऱ्यावर आलेला कागद कारखान्याचा आंबूस वास अचानक जाणवू लागे. त्या पोकळीतून आम्हाला कळे, की गोल झाला आहे आणि तो आपला नव्हे.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे लाउडस्पीकरचे दुकान होते. जुन्या ॲम्प्लिफायरांचा तापलेला वास, भिंतीवर वेटोळी करून टांगलेल्या तारा, आणि दारात पितळी धोतऱ्याच्या फुलांसारखे पालथे घातलेले भोंगे. लग्न असो, उरूस असो, गणपती असो, गावाला जे काही मोठ्याने सांगायचे असे ते चाचांच्या यंत्रांतून सांगितले जाई. पोलिओचा डोस, हरवलेले मूल, नळ न येण्याची वर्दी. माईक ते कुणाच्याही हातात विश्वासाने देत. रविवारी मात्र नाही. रविवारी आमच्या क्लबचा फुटबॉल लीगमधला सामना असे, आणि त्या दुपारी माईक फक्त चाचांचा.

त्या काळी आमच्याकडे बायका मैदानावर जात नसत. सामना आम्ही अंगणातून ऐकत असू, आणि चाचांना ते पक्के ठाऊक होते. मैदानावरच्या लोकांना सामना दिसतच होता. चाचा बोलत ते आमच्यासाठी. "बाया हो, आता थ्रो आहे, दोन मिनिटं काई होत नाई. ज्यायनं भात ठेवला असन त्यायनं पाहून घ्या," असे ते खेळ चालू असताना सांगत, आणि ओळीने साऱ्या स्वयंपाकघरांतून झाकण्या वाजत. रेफ्रीवर ते रागावत, पण माया राखून: "रेफ्रीसाहेब, सकाळपासून उन्हात आहात, थोडं पाणी डोळ्याले लावा." एकदा चेंडू हवेत असतानाच त्यांनी बजावले होते, "गोलपोस्टमांगं कोण्या भाऊची सायकल आहे, ते उचला. नाईतं आपला सेंटर फॉरवर्ड तिच्यातच गोल मारन." आपल्या संघाचा गोल झाला, की भोंगे फाटतील इतक्या जोराने ते ओरडत, आणि झाडांवरचे पोपट एकदम उडत.

माझी आई सामन्याच्या वेळी सुपात रात्रीचे तांदूळ निवडत बसे. चाचा गप्प झाले, की तिचा हात तांदळात थांबे. चाचा पुन्हा बोलू लागत तेव्हाच तो हलू लागे. पुढे चंद्रपूरच्या महाविद्यालयात मला छंदशास्त्र शिकवले गेले. चरणाच्या मध्ये श्वास घेण्यासाठी जी थांबण्याची जागा असते तिला यती म्हणतात, असे फळ्यावर लिहिलेले पाहिले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा आला तो तांदळातला आईचा हात.

एकदा आईने त्यांना विचारलेच. हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमासाठी ते आमच्या अंगणात तार ओढत होते. "चाचा, गोल झाला तं झाला म्हणून सांगत काऊन नाई तुमी?" चाचांनी तारेचे टोक दातांत धरले होते, ते काढून म्हणाले, "बाई, लग्न असलं तं मी वरडून सांगतो. मयत असली तं हळू सांगतो. आन गोल खाल्ला, ते कसं सांगू? ज्यानं खाल्ला त्याची माय कुठीतरी आयकत असते." आई तेव्हा हसली होती. माझा दादा तेव्हा क्लबच्या राखीव खेळाडूंतही नव्हता.

पुढे दादा कोळसा खाणीत लागला, आणि त्याच वर्षी क्लबचा गोलकीपर झाला. नव्वदचे दशक सरत आले होते. आमचा क्लब लीगच्या वरच्या गटात खेळत असे. नागपूरचे मोठे संघ आमच्या मैदानावर येत ते त्याच मानामुळे. त्या गटातला तळाचा संघ दर वर्षी खालच्या गटात जाई, आणि खाली गेलेल्या गावाकडे मग कुणी फिरकत नसे. दादाच्या पहिल्याच मोसमात आमचे दोन जुने खेळाडू गुडघे दुखावून घरी बसले, एकाची बदली झाली, आणि संघ घसरू लागला. दिवाळीनंतर चाचांच्या मौनांची संख्या वाढत गेली. एका सामन्यात ते इतक्या वेळा गप्प झाले, की शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "लाइट तं नाई ना गेली?"  आता प्रत्येक मौन आमच्या घराचे होते.

याच हिवाळ्यात चाचांचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणून, मग धूळ म्हणून, मग खर्रा म्हणून त्यांनी ते टाळले. शेवटी चाची त्यांना ओढून नागपूरला घेऊन गेल्या. परत आल्या त्या थेट आमच्या नळावर, आणि बादली भरून वाहू लागली तरी त्यांना कळले नाही. "गले में गाँठ है, बाई," त्या आईला म्हणाल्या. "डॉक्टर बोले, अभी काटेंगे तो आवाज थोडी-भोत बचेगी. देर करेंगे तो पूरी जाएगी. और ये बोलते, लीग होने दो."

आई तशीच पदराला हात पुसत चाचांच्या दुकानात गेली. मी तिच्या मागे होते. "चाचा, जीव मोठा का फुटबॉल मोठा?" तिने विचारले. चाचा एका भोंग्याला पॉलिश करत होते. ते थांबले नाहीत. "जीव तं डॉक्टर वाचवतो म्हणते. जाणार ते आवाज. थोडासा वाचला बी, तं त्या फुसफुशीचं मी काय करू?" मग त्यांनी फडके बाजूला ठेवले. "बाई, सारी जिंदगी दुसऱ्यायचं सांगतलं. कोण्याचं लगन, कोण्याचा जलसा. हे एकच माझ्या मनचं आहे. आवाज कुठी खर्चाचा ते मले ठरवू द्या."

यानंतर ते आठवडाभर बोलेनासे झाले. आवाज रविवारसाठी राखून ठेवू लागले. गिऱ्हाइकाशी खुणांनी बोलत; मुंडी हलवून हो, बोट हलवून नाही. चाची म्हणत, "इतने सालों में पैली बार घर में मेरी चल रही," आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावत. रविवार आला, की चाचा लवंग तोंडात धरून माईकपुढे बसत. आवाज मात्र दर सामन्याला थोडा थोडा झिजून येई. वहाणेचा तळ झिजावा तसा. आधी पातळ, मग आरपार. क्लब त्या आवाजासारखाच तग धरून होता. एटापल्लीहून आलेल्या आमच्या डाव्या बगलेच्या खेळाडूने एका सामन्यात दोन गोल केले तेव्हा चाचांना ओरडता आले नाही. त्यांनी माईक हाताने थोपटला. भोंग्यांतून टाळ्यांसारखा आवाज आला, आणि बायकांनी अंगणाअंगणांतून त्याला टाळ्यांनी साथ दिली.

शेवटचा सामना फाल्गुनात आला. मैदानामागचा पळस पेटला होता, आणि दुपारच्या वाऱ्याला मोहाचा गोड, जड वास होता. बरोबरी झाली तरी आम्ही वरच्या गटात राहणार होतो. हरलो तर खाली. दादा सकाळी न जेवताच गेला. आई सूप घेऊन अंगणात बसली, आणि त्या दिवशी तिने एकच मूठ तांदूळ पुन्हा पुन्हा निवडले.

सामना शेवटाकडे आला तरी गोल नव्हता. चाचांचा आवाज आता आवाज राहिला नव्हता. सुक्या सागाच्या पानावरून काहीतरी सरपटत जावे तसे शब्द येत होते. "थोडंच राह्यलं, बाया हो... बॉल त्यायच्या दहा नंबरकडं... त्यानं मान वर करून पाह्यलं... मारला..."

भोंगे थांबले.

आईचा हात थांबला. शेजारचा वरवंटा थांबला. ओळीतल्या एकाही अंगणातून आवाज येईना. चाचांचे मौन आम्ही सगळ्याच वाचू शकत होतो, आणि ते वाचून झाले होते. शेजारच्या काकू खाली मान घालून आत जायला वळल्याही.

"बाया हो, जाऊ नका," चाचा म्हणाले.

काकू जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"गोल झाला. त्यायचा झाला. आजपावेतो मी कधी सांगतलं नाई, आज सांगतो, कान देऊन आयका. लई लांबून मारला त्यानं. आन सुंदर मारला, खोटं काऊन बोलू? बॉल वर गेला, आन पळसाचं फूल देठातून सुटते, तसा खाली आला. आपला कीपर झेपावला. पुरा लांब झाला. त्याची बोटं लागली. मी इथून पाह्यलं, बोटं लागली होती. बोटाले लागून बॉल खांबाले लागला, आन अंदर गेला. याच्यावर कोणी काई करू शकत नव्हतं. कीपरच्या घरी आयकून राह्यले असतीन, तं त्यायनं आयका. त्याची बोटं लागली होती."

काही वेळ नुसता श्वास ऐकू आला. चेंडू मध्यावर ठेवला गेला असावा, खेळ पुन्हा सुरू झाला असावा. त्यातले चाचांनी काही सांगितले नाही. मग रेफ्रीची लांब शिट्टी माईकमधून आली.

"खेळ खलास. आपण खाली गेलो. पोरं थकले आहेत, रस्त्यात त्यायले कोणी काई बोलू नका." एक खोकला. "भात पाहून घ्या, बाया हो." आणि बटण बंद केल्याचा तो बारीक खट्‌ आवाज.

दादा अंधार पडायच्या वेळी घरी आला.  आईने त्याचा उजवा हात ओढून दिव्याखाली धरला. मधल्या बोटाचे नख काळेनिळे पडले होते. "लागली होती ना रे?" "लागली होती," दादा म्हणाला, आणि मोठा झाल्यापासून पहिल्यांदा तो तिच्यासमोर रडला. पुढे पानठेल्यावर, खाणीच्या गाडीत, बाजारात, कुठेही त्याला त्या गोलाबद्दल कुणी टोचून बोलले नाही. विषय निघालाच, तर कुणीतरी म्हणे, "पण बोटं लागली होती," आणि विषय तिथेच संपे.

चाचा ऑपरेशनसाठी नागपूरला निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांना भेटायला गेलो. आईने डब्यात त्यांच्या आवडीचे वडे नेले होते, आणि ते गिळता येणार नाहीत हे तिथे गेल्यावर तिच्या लक्षात आले. डबा तिने मांडीवरच ठेवला. "त्या दिवशी सांगतलं काऊन, चाचा?" तिने विचारले. चाचा पुढे झुकले. त्यांचे शब्द ऐकण्यासाठी आम्हालाही झुकावे लागले. "चूप राह्यलो असतो, तं गावानं आपल्या मनानं सांगतलं असतं. हातातून सुटला म्हणले असते." मग थोडे हसून, "आन चूप तं आता राहाचंच आहे, बाई." त्यांच्या तोंडून आम्ही ऐकलेले ते शेवटचे वाक्य.

परत आले ते गळ्याभोवती पांढरा रुमाल बांधून. दुकान पुतण्याने सांभाळले, पण संध्याकाळी चाचा गल्ल्यामागे बसतच. भाड्याने जाणारे प्रत्येक यंत्र तेच तपासून देत. पूर्वी त्यासाठी "हॅलो, हॅलो" म्हणत. आता माईकवर बोटाने टिचकी मारत. टक्‌, टक्‌... आणि थोडे थांबून, टक्‌. वाऱ्याची दिशा बरी असली, की तो आवाज आमच्या अंगणापर्यंत येई, आणि आई म्हणे, "चाचा बसले दुकानात." पुतण्याही तीच टिचकी शिकला. क्लब खालच्या गटात दोन-तीन वर्षे खेळला, मग संघ भरेना झाला. मैदानाच्या मधोमध क्रिकेटची पट्टी उमटली. भोंग्यांचे बांबू कुणीतरी मांडवासाठी नेले.

मी लिहू लागले तेव्हा पराभवाविषयी लिहिताना माझी लेखणी फार वेळा अडली. गप्प राहणे सोपे असते, आणि सुंदरही दिसते. अशा वेळी मी तो फाटका आवाज आठवते. ज्या मौनाने त्यांनी आयांना जपले होते, तेच मौन एका आईच्या मुलाला बुडवील हे दिसताच त्यांनी आपल्याजवळचा उरलासुरला आवाज तिथे ओतला. हरलेल्याची बोटे कुठवर पोचली होती, ते कुणीतरी पाहून सांगावे लागते.

काही वर्षांनी मी माहेरी आले होते तेव्हा चाचा महिनाभरापासून आजारी होते. दुकानात येत नव्हते. सकाळची वेळ होती. आई अंगणात सूप घेऊन बसली होती, मी तिच्याजवळ. मशिदीच्या भोंग्यातून आवाज आला. टक्‌, टक्‌... टक्‌.

आईचा चेहरा उजळला. "अगं, चाचा उठले वाटते," ती म्हणाली. "बरं वाटलं असन आता."

मग पुतण्याचा आवाज आला. त्याने हळू सांगितले, चाचांनी शिकवले होते तसे. चाचांचे पूर्ण नाव घेतले. ते नाव आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो, म्हणून समजायला क्षणभर लागला. माती देण्याची वेळ सांगून तो थांबला, आणि भोंगा बंद झाल्याचा तो बारीक खट्‌ आवाज आला.

आईचा हात तांदळात थांबला. दूर कोळशाची गाडी जात होती. ती पूर्ण निघून गेली, रुळांचा थरथराट विरला, शेजारच्या अंगणात कुणीतरी दार लोटून घेतले. आई भोंग्याच्या दिशेला कान लावून तशीच बसून राहिली.