शंभरपैकी शंभर, नंबर शेवटचा

भूकंपानंतर लातुरात साधी खोली बांधायची म्हटलं तरी लोक आधी इंजिनिअरची सही मागायचे. प्रोग्रॅमला मात्र कुणी सही मागत नव्हतं, म्हणून मी तो धंदा धरला. वर मी मोकळ्या सॉफ्टवेअरचा भगत! नांदेडच्या एका कॉलेजात तासभर भाषण ठोकलं होतं, कोड सगळ्यांना खुला ठेवा, चार लोक बघतील, चुका आपोआप सापडतील. माझा कोड बघणारे डोळे दोनच, तेही माझेच, तेही चष्म्यातले.

एका क्लासच्या सरांना मी रविवारच्या टेस्टची यादी लावणारा प्रोग्रॅम फुकट दिला. खाली ऐटीत टीप: कसलीही हमी नाही, वापरणाऱ्यानं आपल्या जबाबदारीवर वापरावं. सर खूश. म्हणाले, "धर्माची गाय अन् दात का नाय, असं आम्ही म्हणणार न्हाई." पालक मार्कांवरून भांडतात म्हणून यादीत मार्क न छापता फक्त नाव, नंबर आणि त्या नंबरावरून पडणारी बॅच छापायची त्यांची पद्धत.

माझा प्रोग्रॅम मार्कांना आकडे न समजता अक्षरं समजत होता. पहिला अंक मोठा, तो वर. मार्क भरणारा क्लासचा कारकून नऊला '०९' लिहायचा, म्हणून वर्षभर निभावलं. शंभर टाकून मी कधी बघितलंच नव्हतं. कशाला बघू? आमच्याकडं पैकीच्या पैकी देतात होय? एखादा मार्क सवयीनं तरी कापतातच!

त्या रविवारी पेपर सोपा निघाला आणि मुखेडच्या एका पोरीला शंभर पडले. आकडा एकानं सुरू होतो म्हणून प्रोग्रॅमनं तिला अकरा-बारावाल्यांच्या पंगतीत, शेवटच्या बॅचला बसवलं. ती सांगत होती, माझं सगळं बरोबर आलंय. सर म्हणाले, कॉम्प्युटर खोटं बोलत न्हाई. शेवटची बॅच कळल्यावर वडील आले, खोलीवरची ट्रंक उचलली, तिला गावी घेऊन गेले.

बुधवारी गठ्ठ्यात सरांना तिचा पेपर दिसला. मला बोलावलं. मी पाच मिनिटांत एक ओळ दुरुस्त केली आणि वर तोंड करून टीप दाखवली. सर म्हणाले, "हाव, मग मुखेडला टीपच पाठवू की." मेल्याहून मेल्यासारखं झालं. एसटी धरली.

वडिलांना दारातच सगळं सांगितलं: चूक माझ्या प्रोग्रॅमची, तुमच्या पोरीला शंभरपैकी शंभर. वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते घरात बघत हळूच म्हणाले, "लई मारलं हो मी तिला. म्हणलं, मार्क न्हाईत ते न्हाईत, वरून खोटं बोलून राहिली."