जमिनीलगतच्या खिडक्या

गंगापूर रोडमागच्या वसाहतीतलं बुद्धविहार कोणी बांधलं, असं विचारलं की लोक दारातल्या दानाच्या फरशीकडे बोट दाखवत. पंखा देणाऱ्याचं नाव तिच्यावर होतं, सतरंजी देणाऱ्याचंही होतं. पुंजाराम पगारेंचं तेवढं नव्हतं. त्यांनी नुसता नकाशा काढून दिला, आणि नकाशा म्हणजे काही दान नव्हे, असं तेव्हाच्या मंडळींचं म्हणणं. शहाणीच म्हणायची मंडळी!

त्यांच्या बायकोला, सुलाबाईला, ते जन्मभर सललं. पुंजाराम दुसऱ्याच्या ऑफिसात इमारती रेखाटायचे, सही साहेबाची. "वंदनेला बाया खाली बसत्यात, वारा जातो डोक्यावरून," असं ती एकदा बोलून गेली आणि त्यांनी विहाराच्या खिडक्या जमिनीपासून वीतभर उंचीवर घेतल्या. लोक हसले. सुलाबाई मात्र कायम त्याच खिडकीपाशी, गजावर हात ठेवून बसायची.

पुंजाराम वारल्यावर बऱ्याच वर्षांनी तेजल आली. जुन्या इमारतींवर संशोधन करणारी मुलगी. तसल्याच जमिनीलगतच्या खिडक्या तिला नाशकात आणखी काही ठिकाणी दिसल्या होत्या. एका म्हाताऱ्या गवंड्याने पुंजारामांचं नाव सांगितलं.

"आजी, हे सगळं आजोबांचंच काम आहे. मोठे वास्तुकार होते ते."

सुलाबाई पदरात तोंड घालून रडली.

तेजलचा लेख पेपरात आला, तशी वसाहत जागी झाली. समितीचा अध्यक्ष संघर्ष घरी आला.

"आजी, आता जुनं पाडून नवीन दुमजली विहार बांधतोय. आजोबांचं नाव मोठ्या अक्षरांत लावू. चालेल ना?"

"चालंल म्हंजे? लय वाट पाह्यली रे बाळा!"

नावाच्या आनंदात खिडक्यांचं विचारायचं राहून गेलं. तेजल धावत आली तोवर भिंती जमीनदोस्त झाल्या होत्या. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय!

"मीच हो म्हणले गं," सुलाबाई एवढंच बोलली.

बुद्धपौर्णिमेला उद्घाटन झालं. संगमरवरावर सोनेरी अक्षरं होती: 'कालकथित पुंजाराम पगारे सभागृह'. पांढऱ्या लुगड्यातल्या सुलाबाईने त्यांवरून हात फिरवला आणि ती आत जाऊन आपल्या जागी भिंतीशी बसली. खिडक्या उंचावर होत्या, सरकत्या काचांच्या. वंदना सुरू झाली. शेजारची साक्षी ओढणीने वारा घेत म्हणाली, "आजी, जुन्यात कसं गार वाटायचं, नाही?"

सुलाबाईने मान हलवली. सवयीने तिचा हात गज शोधत बाजूला गेला आणि गुळगुळीत भिंतीवर थांबला.