रस्त्याकडे कललेला कोठा

आमच्या शेजारच्या बाई चहाचा कप हातात घेऊन अंगणभर फिरत बोलतात. वर्षभर त्या एकच विचारत होत्या, "भाऊ, सासऱ्याचा कोठा दुरुस्त करू का मोडू?" गुरं विकल्यापासून तो कोठा रिकामाच होता आणि रस्त्याकडे कलला होता. मी काहीही सांगितलं तरी त्या चिडायच्या.

गेल्या महिन्यात त्यांचे दीर कोठा मोडायचा म्हणून छपराचे कवेलू उतरवायला माणसं घेऊन आले. तेवढ्यात बाई नागभीडच्या बाजारातून गाभण गाय घेऊन आल्या. तिला सरळ कोठ्यात बांधून दिराला म्हणाल्या, "आता मोडा."

माणसं निघून गेली.

"पण पडला तर, बाई?" मी विचारलं.

"मी बी इथीच झोपीन ना, भाऊ."

तेव्हापासून वारा सुटला की मी आमच्या दाराशी येऊन कोठ्याकडे बघत उभा राहतो.